"काम मोलाचं आहे, पण खपणार नाही" : प्रकाशकाला खपाची आणि नफ्याची एवढी काळजी का?

खारवारा
नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं मी देवगडपासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर शब्द गोळा करतेय. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांचे, जाळं विणणाऱ्यांचे, वाऱ्यांचे, भरती-ओहोटीचे, मासळी सुकवणाऱ्या बायकांचे. सुरुवात सासऱ्यांच्या एका वहीतून झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यालाच वाहून घेतलं. आता साडेतेराशे शब्द झालेत. प्रत्येकापुढे तो कोणत्या गावात ऐकला, कधी वापरतात आणि वाक्यात कसा येतो हे लिहिलंय.

गेल्या जूनमध्ये हस्तलिखित पुण्यातल्या एका प्रकाशकांकडे दिलं. आठ महिन्यांनी फोन आला, "बाई, काम मोलाचं आहे, पण खपणार नाही. दोनशे प्रती गेल्या तरी खूप झालं." आवाजात आपुलकी होती, म्हणून जास्तच लागलं. ज्या आजोबांनी मला वाऱ्यांची नावं सांगितली त्यांतले तिघे आता नाहीत. त्यांचे शब्द खपतील की नाही, हे कोण ठरवणार?

माझा प्रश्न अगदी सरळ आहे. पुस्तक म्हणजे साबण नव्हे. मग प्रकाशकाने खप आणि नफा का बघायचा? साहित्यसेवा वगैरे सगळं संमेलनाच्या व्यासपीठापुरतंच का?

पिंपळपान
ताई, अगदी मनातलं लिहिलंत. माझ्या वडिलांच्या ओव्यांच्या संग्रहाचं हेच झालं. दोन ट्रंका भरून वह्या आहेत.

फर्मा
ताई, मी एका प्रकाशन संस्थेत बावीस वर्षं हिशेब बघितले. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. तुम्हाला झालेलं दुःख मी टेबलाच्या पलीकडून अनेकदा पाहिलंय. पण एकदा आकडे मांडून बघा.

समजा तुमचं पुस्तक डेमी आकारात २०८ पानांचं, म्हणजे १३ फर्मे (एका तावावर एकत्र छापून घडी घातलेली सोळा पानं म्हणजे एक फर्मा). प्रती ५००, किंमत ३०० रुपये. कागद, छपाई, बांधणी धरून प्रतीला ८५ रुपये, म्हणजे ४२,५०० झाले. अक्षरजुळणी, दोन वेळचं मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून आणखी १९,०००. एकूण साडेएकसष्ट हजार, आणि हे सगळं पहिली प्रत विकली जायच्या आधी.

आता येणारे पैसे. वितरक आणि दुकानदार मिळून ४५ टक्के ठेवतात, म्हणजे ३०० च्या पुस्तकाचे प्रकाशकाला १६५ मिळतात. त्यातले ३० तुमचं मानधन. उरले १३५. पाचशेच्या पाचशे प्रती गेल्या तर हातात साडेसदुसष्ट हजार येतात आणि खर्च जाऊन सहा हजार उरतात. तीनशे गेल्या तर एकवीस हजार खिशातून. दोनशे गेल्या तर साडेचौतीस हजार. यात संपादकाचा पगार नाही, गोदामाचं भाडं नाही, आणि दुकानातून सहा महिन्यांनी कोपरे दुमडून परत येणारे गठ्ठेही नाहीत.

त्या सहा हजारांना नफा म्हणा, पण पुढच्या पुस्तकाचा कागद त्यातूनच येतो. ते आले नाहीत तर पुढच्या लेखकाला "जागा नाही" सांगावं लागतं. तुम्हाला आलेला फोन बहुतेक आधीच्या कुठल्या तरी न खपलेल्या पुस्तकामुळे आलेला आहे.

नदीकाठ
फर्माकाका, गणित पटलं. पण ४५ टक्के म्हणजे फारच झाले. लिहिणाऱ्याला १० आणि विकणाऱ्याला ४५?

दुकानमांडणी
@नदीकाठ, माझं तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान आहे. ते ४५ माझ्या एकट्याच्या खिशात येत नाहीत. वितरकाचा वाटा आणि वाहतूक आधी जाते. गिऱ्हाईक दारातच विचारतं, "किती टक्के सूट?" कारण पुण्यातल्या प्रदर्शनात त्याने पंचवीस टक्के पाहिलेले असतात. बाजारपेठेतला गाळा, भाडं वाण्याच्या दुकानाएवढंच. फरक एवढाच की वाण्याकडे माणूस महिन्यातून चारदा येतो. जून-जुलैत वह्या, गाईडं, नवनीत विकलं जातं, त्यावर मी उरलेले दहा महिने कादंबऱ्या आणि कविता मांडून ठेवतो. पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा उभं राहून बघा, मराठी साहित्य कशाच्या खांद्यावर उभं आहे ते कळेल.

शब्दवेल्हाळ
मला हे सगळं बचावात्मक वाटतंय. श्री. पु. भागवतांच्या 'मौज' प्रकाशनाने खपाकडे बघून पुस्तकं निवडली का? एकेका हस्तलिखितावर महिनोन्‌महिने घालवले. मराठी नवकथा आणि नवकविता उभी राहिली ती असल्या माणसांमुळे. हिशेबनीसांनी ती उभी केली नाही.

फर्मा
@शब्दवेल्हाळ, भागवतांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण गिरगावात खटाववाडीत मौजेचा स्वतःचा छापखाना होता, हे विसरू नका. छपाईचा धंदा सुरू होता, दिवाळी अंक होता. एखाद्या कवितासंग्रहाच्या प्रती हळूहळू जात राहिल्या तरी दार बंद पडत नव्हतं. त्यांना आकडे कळत होते, म्हणून तर सावकाश चालणारं पुस्तक त्यांना पेलता आलं. आमच्याकडे पाककृती, आरोग्य आणि स्पर्धा परीक्षा यांतून समीक्षेची पुस्तकं निघायची. मालक म्हणायचे, "लोणच्याच्या पुस्तकाने ज्ञानेश्वरीवरचा प्रबंध छापला." आणि ते अभिमानाने म्हणायचे.

तिखटमीठ
लोणच्याचं पुस्तक विकत घेणारी मी एक. प्रबंध छापला गेला हे ऐकून बरं वाटलं, आता पापडांचंही आणते. :)

शिळाप्रेस
छपाईवाला बोलतो. वर पाचशे प्रती म्हटलंय म्हणून थोडं. ऑफसेटला प्लेट लागते. शंभर प्रती काढा की हजार, प्लेटचा खर्च तोच. मशिन लागेपर्यंत, रंग आणि रजिस्टर (छपाईची जागा) जुळेपर्यंत सुरुवातीचे ताव वायाच जातात, तेही तेवढेच. म्हणून पूर्वी अकराशेची आवृत्ती काढायचे, प्रत स्वस्त पडायची. पण उरलेल्या सहाशे प्रतींना गोदामात कसर लागते. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं गोदाम रिकामं करायला गेलो होतो. एका चरित्राचे गठ्ठे सुतळीसकट तसेच होते. वरचं पुस्तक उघडलं तर पानाला पान चिकटलेलं. ओल आली होती. किलोवर गेलं सगळं. त्या चरित्राचे लेखक शेजारी उभे होते हो. मला वर बघवेना.

आता मागणीप्रमाणे पन्नास-पन्नास प्रती डिजिटलवर काढता येतात. पण प्रतीला ८५ च्या जागी दीडशे धरा. मग किंमत ३०० ठेवून भागत नाही.

एकटाजीव
आणि जीएसटी? पुस्तकावर तर शून्य आहे म्हणतात. मग स्वस्त का होत नाहीत?

फर्मा
शून्य आहे म्हणूनच अडचण. कागद आणि छपाईवर भरलेला कर दुसऱ्या कुठल्याही करपात्र मालाचा धंदेवाला विक्रीच्या करातून वळता करून घेतो. पुस्तक करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला वळता करायला जागाच नाही. तो सगळा कर पुस्तकाच्या किमतीत मुरतो.

मानसी_ठाणे
प्रकाशक बिचारे आहेत हे ऐकून ऐकून कंटाळा आला, म्हणून माझा अनुभव लिहिते. माझी एक कादंबरी आली. प्रकाशकाचं नाव घेत नाही. पहिल्या वर्षी मानधनाचं पत्रक आलं, दुसऱ्या वर्षी नाही. फोन केला तर "प्रती पडून आहेत." तिसऱ्या वर्षी मैत्रिणीने प्रदर्शनातून पुस्तक आणलं, आत 'दुसरी आवृत्ती' असं छापलेलं! पुन्हा फोन केला. म्हणे, "ते तसं नुसतं छापतात, वाचकाला बरं वाटतं."

दोन्हीपैकी एक खोटं आहे ना? एकतर आवृत्ती खोटी, नाहीतर मला सांगितलेला आकडा. नफा जरूर मिळवा, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण माझ्या पुस्तकाच्या किती प्रती गेल्या हे मला कळू नये? पहाटे साडेचारला उठून, मुलाचा डबा व्हायच्या आधी लिहिलेली कादंबरी आहे ती.

फर्मा
मानसीताई, यावर माझ्याकडे बचाव नाही. हे चूकच आहे. करारात आवृत्तीची प्रतसंख्या, दर ३१ मार्चला विक्रीचं पत्रक आणि न विकलेल्या प्रती मोजून बघण्याचा हक्क, या तीन गोष्टी लिहून घ्या. चांगला प्रकाशक यावर सही करतो. आमच्या इथे एप्रिलमध्ये मी स्वतः चेक लिहायचो. काहींचे तीनशे-साडेतीनशे रुपयांचे असत. तेही पाठवायचे, हा मालकांचा दंडक होता. एका कवींनी असाच एक चेक न वटवता भिंतीवर लावला होता. ताळेबंदात तो वर्षानुवर्षं 'देणे' म्हणून दिसायचा, तरी कोणी काढला नाही.

बाभूळवन
क वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे, मराठवाड्यात. खप म्हणताना तुम्ही सगळे पुण्या-मुंबईच्या दुकानांचं बोलता. राज्यात दहा हजारांहून जास्त शासनमान्य ग्रंथालयं आहेत. दर ग्रंथालयाने एक प्रत घेतली तरी दहा हजारांच्या वर. पण अनुदान हप्त्यांनी येतं, त्यातून माझा पगार, वीज, वर्तमानपत्रं, आणि उरेल त्यात पुस्तकं. मग वर्षाअखेरीस जो जास्त सूट देईल त्याच्याकडून गठ्ठा घेतला जातो. सूट कोण देतो? ज्याने किंमत आधीच फुगवून छापलेली असते तो. १२० पानांचं पुस्तक ४०० रुपयांना. अशी पुस्तकं ग्रंथालयासाठीच छापतात, वाचकासाठी नाही. आमच्या कपाटात ती कोरी करकरीत पडून आहेत. वाचक मात्र ऐतिहासिक कादंबऱ्या मागतात, त्यांच्या पानांना मी स्वतः खळ लावून चिकटवतो.

खारवारा ताई, आमच्याकडे समुद्र नाही, पण तुमचं पुस्तक आलं तर एक प्रत माझ्या नावावर लिहा. वारा कुठला का असेना, नाव असलं पाहिजे त्याला.

खारवारा
बाभूळवन, डोळ्यांत पाणी आलं. मनापासून धन्यवाद.

मंडळी, आज एक नवीनच घडलं. दुसऱ्या एका प्रकाशन संस्थेतून फोन आला. हस्तलिखित न बघताच "छापू" म्हणाले. मी ८५,००० भरायचे, मला २०० प्रती मिळणार, शिवाय प्रकाशन समारंभ आणि सन्मानचिन्ह. मी विचारलं, "खपाचं काय?" तर म्हणाले, "खपाची तुम्ही काळजीच करू नका." या धाग्याच्या सुरुवातीला मला हेच वाक्य ऐकायचं होतं. आता ऐकल्यावर मात्र बरं वाटत नाहीये. का ते सांगता येत नाही.

मानसी_ठाणे
भरू नका!

शिळाप्रेस
दोनशे प्रती छापायला ८५ हजार? वरचे फर्माकाकांचे आकडे बघा, तेवढ्यात पाचशे प्रती निघून पैसे उरतात.

फर्मा
ताई, बरं का वाटत नाहीये ते मी सांगतो. त्याला खपाची काळजी नाही, कारण त्याचा नफा तुमच्या ८५ हजारांतच झालेला आहे. पुस्तक छापून झालं त्या क्षणी त्याचं काम संपलं. मग तो मुद्रितं कशाला तपासेल? दुकानात प्रत आहे का हे कशाला बघेल? परीक्षणासाठी प्रत कोणाला पाठवेल? तुम्हीच त्याचं गिऱ्हाईक. ज्याचे स्वतःचे साडेएकसष्ट हजार अडकलेत तो रात्री जागून तुमच्या शब्दांची अकारविल्हे पुन्हा लावून घेईल, कारण ती चुकली तर वाचक पुस्तक घेणार नाही आणि पैसे बुडतील.

तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं की प्रकाशकाने खप का बघायचा. माझं उत्तर हेच. त्याचा नफा वाचकाकडून येत असेल तर तो वाचकाला धरून राहतो आणि तुमच्या पुस्तकालाही धरून राहतो. "खपणार नाही" म्हणून नाही म्हणणारा माणूस तुमच्याशी निदान खरं बोलला.

शब्दवेल्हाळ
हे मान्य. माझा सूर वर जरा चढला होता. तरी एक म्हणणं राहतंच. खपणार नाही हे ठरवताना प्रकाशक कालच्या वाचकाकडे बघतो. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली'ने काढलं, लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० मध्ये. त्याआधी असल्या दलित-भटक्यांच्या आत्मकथनांना वाचक आहे, असं कोणता हिशेबनीस म्हणाला असता?

नदीकाठ
पण 'ग्रंथाली' वाचकांची चळवळ होती ना. आधी सभासद जमवले, गावोगाव ग्रंथयात्रा काढल्या. म्हणजे खपाची काळजी त्यांनाही होती, फक्त वाचक येण्याची वाट न बघता ते स्वतः त्याच्या दारी गेले. माझे वडील पतपेढीत होते, सभासद होते. पुस्तकांचं पार्सल आलं की सुतळी कापायची नाही, सोडवायची, असा घरात नियम होता. ती सुतळी पुढे वेलींना बांधायचो.

एकटाजीव
पार्सलावरून आठवलं. पोस्टाची नोंदणीकृत बुक-पोस्ट बंद झाली ना? आता पुस्तक पाठवायला काय करता?

दुकानमांडणी
डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. चार महिने फार हाल झाले, दीडशेच्या पुस्तकाला कुरिअरचे ऐंशी सांगायची लाज वाटायची. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून. आता पुन्हा खेड्यातल्या गिऱ्हाइकाला पाठवणं परवडतं. खारवारा ताई, टपाल हा तुमच्या पुस्तकाचा मोठा भाग असणार आहे, तेव्हा वजनाकडे लक्ष ठेवा.

तिखटमीठ
अवांतर: ताई, एखादा शब्द तरी वाचायला द्या ना. नुसताच हिशेब चाललाय.

खारवारा
देते की. 'भांग'. ज्या पुण्याच्या प्रकाशकांनी नाही म्हटलं, त्यांच्या संपादकांनी त्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, "शिवरात्रीची का?" भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. पुनवेला आणि अवसेला येतं ते उधाण. आमच्या शेजारचे काका अंगणात बसून, कॅलेंडर न बघता, नुसत्या खाडीच्या वासावरून सांगायचे, "आज भांग आसा." आणि दुसरा शब्द 'मतलई', म्हणजे रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा. शिडाच्या होड्या त्याच्या जोरावर बाहेर पडायच्या. इंजिनं आली, मग त्या वाऱ्याची गरज उरली नाही. आता तो शब्द वापरायचं कारण फक्त म्हाताऱ्यांकडे उरलंय.

वेंगुर्लेकर_दुबई
ताई, ह्यां पुस्तक येवकच व्हया! माझो आजो रापणीवर होतो. मी इथे एसीत बसून तुमची पोस्ट तीनदा वाचली. पैसे किती ते सांगा, आम्ही गाववाले इथे सत्तर-ऐंशी जण आहोत.

फर्मा
हे बघा, वाचक धाग्यावर चालत आला. ताई, आता माझा सल्ला ऐका. प्रकाशनपूर्व नोंदणी करा. किंमत ३००, आधी पैसे देणाऱ्याला २२५ मध्ये. इथे वितरक नाही, दुकानदार नाही. तीनशे जणांनी नोंदणी केली तर साडेसदुसष्ट हजार आधीच जमा होतात, म्हणजे छपाईचा वरचा सगळा खर्च निघतो. मग तीच नोंदणीची वही घेऊन पुण्याच्या त्या पहिल्या प्रकाशकांकडे परत जा. त्यांना म्हणा, तीनशे वाचक मी आणलेत, पुढचे दोनशे तुम्ही आणा. माणूस आपुलकीने बोलला होता म्हणालात ना? मला खात्री वाटते की तो या वेळी ऐकेल.

पिंपळपान
राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे, पहिल्या पुस्तकाला. ताईंचं त्यात बसेल का?

फर्मा
ती ललित साहित्यासाठी धरतात, माझ्या माहितीतली पुस्तकं कथा-कवितांचीच होती. कोशासाठी मंडळाकडे वेगळं पत्र लिहायला हरकत नाही. पण त्यासाठी थांबू नका.

खारवारा (नऊ दिवसांनी)
मंडळी, सांगायला आले. नोंदणी १८७ वर गेली आहे. त्यातल्या ६४ दुबईच्या, वेंगुर्लेकरांनी एकाच दिवसात पाठवल्या. ८५ हजारवाल्यांना नाही कळवलं. काल पुण्याच्या प्रकाशकांना फोन केला. त्यांनी विचारलं, "ही माणसं कुठली?" मी यादी वाचून दाखवली. जालना, शिरोडा, नागपूर, शारजा... ते मध्ये काहीच बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "तीनशे झाले की या. 'भांग' मी स्वतः दुरुस्त करून ठेवलाय."

शिळाप्रेस
बांधणी शिवून घ्या, नुसती चिकटवू नका. कोश वारंवार उघडला जातो, पानं सुटतील. प्रतीला दहा-बारा रुपये वाढतील, पण करा.

वेंगुर्लेकर_दुबई
ताई, आणखी दोन प्रती लिहा. एक आयेसाठी. तिला आता बारीक दिसत नाही, अक्षर थोडं मोठं करता येईल?

खारवारा
नक्की करूया. फर्माकाका, १२ चं १४ पॉइंट केलं तर पानं किती वाढतील?

फर्मा
साधारण चार ते पाच फर्मे. शिवण धरून किंमत ३५० करावी लागेल आणि वजन तीनशे ग्रॅमच्या वर जाईल, म्हणजे टपालही वाढलं. ज्यांनी २२५ भरलेत त्यांना आधी विचारून घ्या.

बाभूळवन
माझ्याकडून वरचे पैसे घ्या. वाचनालयात म्हातारीच माणसं जास्त येतात.